ह्यूगो थ्रॉसेल : एका अश्वारोही सैनिकाची साक्ष

पवित्रशास्त्राचा भूगोल शिकणाऱ्यास बैर-शेबा, गज्जा, यरीहो, यार्देन, दिमिष्क ही नावे स्वतःच्या तालुक्यातील गावांइतकी ओळखीची होऊन जातात. अब्राहामाने जेथे विहीर खणली ते बैर-शेबा, शमशोनाने जेथील वेशीची दारे खांद्यावर वाहून नेली ते गज्जा, पौलाला ज्याच्या वाटेवर प्रकाश दिसला ते दिमिष्क, असा त्यांचा परिचय आपण करून देतो व पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु याच नावांना विसाव्या शतकातला एक दुसराही इतिहास आहे. १९१७ व १९१८ या दोन वर्षांत ही सर्व गावे लष्करी खलित्यांत उमटली. सेनापती अ‍ॅलन्बी हे मोहिमेवर असताना जॉर्ज अ‍ॅडम स्मिथ या धर्मपंडिताचा पवित्र भूमीच्या ऐतिहासिक भूगोलावरील ग्रंथ अभ्यासत असत. वाटा, विहिरी, खिंडी यांची जी माहिती वेदान्त्याच्या अभ्यासिकेसाठी लिहिली गेली, ती तोफा कोठे मांडाव्यात हे ठरविण्याच्या कामी आली.

या मोहिमेत फार दुरून आलेल्या स्वारांत ऑस्ट्रेलियाचे स्वार होते. त्यांच्यापैकी एकाचे चरित्र आम्ही येथे सांगू इच्छितो. त्याचे नाव ह्यूगो थ्रॉसेल. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या हलक्या घोडदळातील ज्या एकमेव सैनिकास व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, तो हा. रणकथा सांगून वाचकांचे मनोरंजन करावे असा आमचा उद्देश नाही. या मनुष्याने युद्धानंतर आपल्याच गावासमोर जी साक्ष दिली आणि त्या साक्षीचे जे झाले, त्याचा विचार धर्मसेवकांनी करणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

घर आणि शेत

ह्यूगोचा जन्म २६ ऑक्टोबर १८८४ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्थम या गावी झाला. घर मोठे व प्रतिष्ठित होते. चौदा भावंडांचा तो परिवार. वडील जॉर्ज थ्रॉसेल हे व्यापारी व लोकनेते असून १९०१ साली काही महिने ते पश्चिम ऑस्ट्रेलियाचे प्रधानमंत्री होते. ह्यूगोचे शिक्षण अ‍ॅडलेड येथील प्रिन्स आल्फ्रेड कॉलेजात झाले व तेथे तो खेळाडू म्हणून नावाजला. पुढे त्याने उत्तरेकडील गुरांच्या कुरणांवर नोकरी केली आणि नंतर रिक या आपल्या भावासह काउकाउइंग या भागात गव्हाच्या शेतीसाठी जमीन घेतली. पाऊस रुसला, पीक बुडाले. अशा स्थितीत १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले आणि ऑक्टोबरात दोघेही भाऊ नव्याने उभ्या राहणाऱ्या दहाव्या हलक्या घोडदळ रिसाल्यात दाखल झाले. ह्यूगोस अधिकारपद मिळाले.

या रिसाल्याची रचना समजून घेणे इष्ट होईल. हे स्वार तलवार उपसून शत्रूवर तुटून पडणारे जुन्या पद्धतीचे घोडदळ नव्हते. घोड्यावरून वेगाने इष्ट स्थळी जावयाचे, तेथे पायउतार होऊन बंदुकीने लढावयाचे, अशी त्यांची रीत असे. चौघांची एक तुकडी. तिघे लढत असता चौथा चारही घोडे आडोशास धरून उभा राही. बहुतेक जण शेतकऱ्यांची किंवा गुराख्यांची मुले. घोडा व बंदूक या दोन्ही गोष्टी त्यांना लहानपणापासून ठाऊक. टोपीला इमू पक्ष्याच्या पिसांचा तुरा ही त्यांची खूण.

गॅलिपोली

दैवाची विचित्रता अशी की, या स्वारांची पहिली कसोटी घोड्यांवाचूनच झाली. तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या डोंगराळ किनाऱ्यावर घोड्यांना वाव नव्हता. म्हणून घोडे मिसरमध्ये ठेवून रिसाले पायदळ म्हणून पाठविण्यात आले. ह्यूगो ४ ऑगस्ट १९१५ रोजी तेथे उतरला. तिसऱ्याच दिवशी, ७ ऑगस्टच्या पहाटे, ‘नेक’ नावाच्या अरुंद डोंगरसोंडेवरील तो हल्ला झाला, ज्याचे स्मरण ऑस्ट्रेलियात आजही दुःखाने केले जाते. तोफांचा मारा ठरल्या वेळेच्या सात मिनिटे आधी थांबला. तेवढ्या अवकाशात तुर्की सैनिक आपल्या खंदकांत परतून सज्ज झाले. आठव्या रिसाल्याच्या दोन रांगा एकामागून एक गारद झाल्या. त्यानंतर दहाव्या रिसाल्याच्या रांगांनाही त्याच वाटेने जाण्याची आज्ञा झाली. पुढे काय आहे हे सर्वांस दिसत होते. तरी आज्ञा मागे घेतली गेली नाही. काही मिनिटांत एकट्या दहाव्या रिसाल्याचे ९ अधिकारी व ७३ सैनिक ठार झाले. ह्यूगो त्या दिवशी वाचला. त्या हल्ल्यास तो पुढे मूर्खपणाचाच म्हणत असे. ज्याने स्वतः जीव धोक्यात घातला त्याचे हे मत आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

तीन आठवड्यांनी ‘हिल ६०’ या टेकडीसाठी लढाई झाली. टेकडी उंच नाही. परंतु अँझॅक व सुव्हला या दोन तळांना जोडणाऱ्या पट्टीवर ती असल्याने तिला महत्त्व होते. येथील हल्ल्यांची सूत्रे २९ व्या हिंदी ब्रिगेडचे सेनानी जनरल कॉक्स यांच्याकडे होती. या ब्रिगेडमध्ये शीख व गुरखा सैनिक होते. आणि हिंदी पहाडी तोफखान्याच्या तुकड्या तर एप्रिलमध्ये सैन्य उतरले त्या पहिल्या दिवसापासून ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या जोडीने लढत होत्या. गॅलिपोलीचा इतिहास हा केवळ परक्यांचा इतिहास नव्हे, हे आपल्याकडे पुष्कळदा विसरले जाते.

२९ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर दहाव्या रिसाल्याने तुर्की खंदकाचा एक भाग काबीज केला. त्याच खंदकाचा पुढचा भाग शत्रूच्या हाती होता. मध्ये वाळूच्या पोत्यांचा बांध घालावयाचा होता. त्याचे लोक बांध रचीत असता ह्यूगो बंदूक घेऊन वळणावर उभा राहिला व पुढे येणाऱ्या पाच तुर्की सैनिकांस त्याने टिपले. मग पहाटेपर्यंत हातबाँबची लढाई चालली. त्या एका रात्रीत दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ३,००० बाँब फेकले गेल्याचा अंदाज आहे. शत्रूचा बाँब खंदकात पडला की वात जळून संपण्यापूर्वी तो उचलून परत फेकावयाचा, असा तो प्रकार. तुर्कांनी तीनदा धाव घेतली व तिन्ही वेळा ती परतविली गेली. ह्यूगो दोनदा जखमी झाला, चेहरा रक्ताने माखला, तरी त्याने जागा सोडली नाही व सोबत्यांचा धीर खचू दिला नाही. अखेर आज्ञा झाली तेव्हाच तो उपचारासाठी गेला. या कामगिरीबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. टेकडीचा माथा मात्र पूर्णपणे कधीच हाती आला नाही, आणि डिसेंबरात सर्व सैन्य तो किनारा सोडून निघून गेले.

पवित्र भूमीत

इंग्लंडमधील रुग्णालयात असताना त्याची कॅथरिन सुसाना प्रिचर्ड या ऑस्ट्रेलियन लेखिकेशी ओळख झाली. जखमांपाठोपाठ मेंदूच्या आवरणाचा दाह झाल्याने तो दीर्घकाळ आजारी होता व विश्रांतीसाठी मायदेशी पाठविला गेला. तथापि १९१७ साली तो पुन्हा आपल्या रिसाल्यात हजर झाला. आता रिसाल्याला घोडे परत मिळाले होते व सीनायचे वाळवंट ओलांडून सैन्य गज्जाच्या वेशीपर्यंत येऊन ठेपले होते.

गज्जाची दुसरी लढाई १७ ते १९ एप्रिल १९१७ या दिवसांत झाली व ती फसली. तिच्यात ह्यूगोचा भाऊ रिक मारला गेला. त्या रात्री शत्रूच्या गोळीबारात ह्यूगो रणांगणावर सरपटत भावाचा शोध घेत फिरला. लहानपणी एकमेकांना हाक मारण्यासाठी दोघे भाऊ जी शीळ घालीत, तीच शीळ तो अंधारात घालीत होता. उत्तर आले नाही. शौलाच्या व योनाथानाच्या मृत्यूवरील दाविदाचा विलाप आपण मंडळीत वाचतो. त्यात भावासाठी केलेला जो आक्रोश आहे, त्याचा अर्थ या प्रसंगावरून अधिक उमगतो. याच लढाईत ह्यूगो स्वतःही जखमी झाला.

३१ ऑक्टोबर १९१७ रोजी बैर-शेबा घेतले गेले. चौथ्या व बाराव्या रिसाल्यांनी सायंकाळच्या उतरत्या उन्हात, हातात संगिनी धरून, खंदकांवर सरळ घोडे घातले. ती धाव प्रसिद्धच आहे. परंतु तिच्यामागचे कारण अगदी साधे होते, ते म्हणजे पाणी. हजारो घोडी तहानलेली होती व त्या उजाड प्रदेशात विहिरी बैर-शेबातच होत्या. अब्राहाम व अबीमलेख यांच्यात ज्या गावी विहिरीवरून वाद होऊन शपथ वाहिली गेली, तेथेच ३,००० हून अधिक वर्षांनी पुन्हा विहिरींसाठी रक्त सांडले. ९ डिसेंबरास यरुशलेम शरण आले आणि ११ तारखेस अ‍ॅलन्बी याफा वेशीतून पायी चालत नगरात शिरले. यरुशलेम पडले त्या वेळी दहाव्या रिसाल्याच्या मानवंदना पथकाचे नेतृत्व ह्यूगोकडे होते. पुढे १ ऑक्टोबर १९१८ रोजी हाच रिसाला सर्वांत आधी दमास्कसात पोहोचला.

या शेवटच्या वर्षात ऑस्ट्रेलियन सेनानी शॉव्हेल यांच्या अश्वदळात मोठा भाग हिंदी घोडदळाचा होता. पूना हॉर्स ही त्यांतलीच. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर व म्हैसूर येथील भालाईत स्वारांनी हायफा घेतले; त्यांच्या ब्रिगेडमध्ये हैदराबादचे स्वारही होते. दिल्लीतील तीन मूर्ती ही या तीन संस्थानांच्या स्वारांचे स्मारक आहेत. आमचे हैदराबादचे वाचक त्या मूर्तींपुढून गेले असतील; त्यांचा संबंध कर्मेल डोंगराच्या पायथ्याशी आहे, हे थोड्यांना ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियन स्वारांचे घोडेही हिंदुस्थानास नवे नव्हते. न्यू साउथ वेल्स या प्रांतावरून ‘वेलर’ हे नाव पडलेली ही जात एकोणिसाव्या शतकापासून येथील लष्करासाठी विकत घेतली जाई.

युद्ध संपल्यावर या घोड्यांचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. महायुद्धात ऑस्ट्रेलियाने सुमारे १,३६,००० घोडे परदेशी पाठविले. मायदेशी परतला तो एकच, सेनापती ब्रिजेस यांचा सँडी. रोगराईची भीती व वाहतुकीचा खर्च ही कारणे दिली गेली. म्हातारे व दुबळे घोडे गोळी घालून मारले गेले, उरलेले ब्रिटिश व हिंदी सैन्यांकडे गेले. ज्याने आपल्याला वाळवंटातून पाठीवर वाहून आणले त्याचा निरोप अशा रीतीने घेणे अनेक स्वारांस जन्मभर सलत राहिले.

दुसरी एक गोष्ट याहूनही कटू आहे. १० डिसेंबर १९१८ रोजी, म्हणजे शस्त्रसंधीनंतर, एका न्यूझीलंडच्या सैनिकाच्या खुनाचा सूड म्हणून न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील सैनिकांनी सुराफेंद या अरब गावावर हल्ला करून तेथील अनेक पुरुषांस ठार केले. ह्यूगोचा या कृत्याशी संबंध नव्हता. परंतु शौर्याचा इतिहास लिहिताना हे पान फाडून टाकणे सत्यास धरून होणार नाही.

नॉर्थमची सभा

२८ जानेवारी १९१९ रोजी ह्यूगो व कॅथरिन यांचा मेलबर्न येथे विवाह झाला. त्याच वर्षी १९ जुलै रोजी सर्वत्र शांतता दिन साजरा झाला. नॉर्थमनेही आपल्या वीरपुत्रास भाषणासाठी पाचारण केले. वडिलांचे गाव, ओळखीचे चेहरे, छातीवर पदक. लोकांची अपेक्षा काय होती हे सांगावयास नको. ह्यूगोने मात्र तेथे स्पष्टपणे सांगितले की, युद्धाने आपणास समाजवादी बनविले आहे. युद्धाची निरर्थकता आपण पाहिली आहे. आणि नफ्यासाठी चालणारी व्यवस्था जोवर आहे तोवर युद्धे थांबणार नाहीत. सभा अवाक् झाली.

त्याच्या राजकीय निष्कर्षाशी सहमत व्हावे असा आमचा आग्रह नाही. त्याच्या पत्नीने पुढे ऑस्ट्रेलियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि त्या विचारसरणीविषयी ख्रिस्ती मनात जे प्रश्न आहेत ते आम्हांसही आहेत. परंतु साक्षीदाराचे अनुमान आणि साक्षीदाराने पाहिलेले सत्य या दोन भिन्न वस्तू आहेत. नॉर्थमच्या लोकांनी अनुमान नाकारण्याच्या भरात साक्षही नाकारली. त्याचे रक्त त्यांना मान्य होते. त्या रक्ताने त्याला काय शिकविले ते ऐकण्याची मात्र तयारी नव्हती. यिर्मयाच्या काळापासून हे असेच चालत आले आहे. शांती आहे असे सांगणारा सर्वांस हवा असतो. जखम वरवर बरी झाली आहे असे म्हणणारा वैद्य लोकप्रिय होतो.

यानंतरची वर्षे कष्टाची गेली. जुने स्नेही दुरावले. पर्थजवळील ग्रीनमाउंट येथे त्याने संसार थाटला. मुलाचे नाव त्याने गज्जा येथे पडलेल्या भावाच्या स्मरणार्थ रिक असे ठेवले. जमिनीच्या व्यवहारांत कर्ज वाढले व १९३० च्या सुमाराच्या महामंदीने ते फेडण्याच्या वाटा बुजल्या. १९ नोव्हेंबर १९३३ रोजी, पत्नी परदेशी असताना, त्याने स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. मृत्युपत्राच्या मागे त्याने लिहून ठेवले होते की १९१४ ते १९१८ च्या अनुभवांतून आपण कधीच सावरलो नाही. पत्नीस व मुलास युद्धसेवेचे निवृत्तिवेतन मिळावे, ही त्याची शेवटची इच्छा. ४९ वर्षांचा हा मनुष्य कर्राकाट्टा येथील दफनभूमीच्या अँग्लिकन भागात पूर्ण लष्करी इतमामाने पुरला गेला.

मंडळीपुढील प्रश्न

१६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील सूचनेप्रमाणे ज्याने आत्मघात केला त्याच्यासाठी दफनविधी वापरावयाचा नसतो. या नियमामागे जीवन हे देवाचे दान आहे ही खरी श्रद्धा होती, आणि ती आम्ही सोडू इच्छित नाही. परंतु नियम करणाऱ्यांना मनाच्या जखमांचे ज्ञान नव्हते. ‘शेलशॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आला तो १९१५ साली, म्हणजे ह्यूगो खंदकात होता त्याच वर्षी. आणि आघातोत्तर मनोविकारास अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले ते १९८० साली. मधल्या ६५ वर्षांत कितीतरी घरांत असे पुरुष मुकाट्याने बसून राहिले आणि त्यांना भित्रे, व्यसनी किंवा अविश्वासू म्हटले गेले. एलियाने रानात झुडपाखाली बसून मरण मागितले, तेव्हा देवाने त्याला प्रथम दोषी ठरविले नाही. त्याला झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले. धर्मसेवेचा हा क्रम आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे.

हा प्रश्न दूरच्या खंडापुरता नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या व कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली. साताऱ्याकडील अपशिंगे यांसारख्या गावांत युद्धावर गेलेल्यांच्या संख्या दगडावर कोरलेल्या आहेत. परत आलेल्यांनी रात्री झोपेत काय पाहिले, हे कोणत्या दगडावर कोरलेले नाही. आपल्या मंडळ्यांतही सैन्यातून निवृत्त झालेले बंधू आहेत. आपण त्यांना राष्ट्रीय दिनी व्यासपीठावर बसवितो, हार घालतो. त्यांच्याजवळ शांतपणे बसून त्यांचे ऐकून घेणारे आपल्यांत किती जण आहेत?

थ्रॉसेलच्या पदकाचा प्रवासही बोधप्रद आहे. १९५४ साली ग्रीनमाउंट येथे त्याच्या घरासमोर स्मारक उभारले गेले. १९८० नंतरच्या दशकात त्याचा मुलगा रिक याने ते पदक अण्वस्त्रविरोधी चळवळीस देऊन टाकले. माजी सैनिकांच्या संघटनेने ते विकत घेऊन कॅनबेरा येथील युद्धस्मारकास अर्पण केले. मुलाने ते शांतीच्या कार्यास दिले, पित्याच्या सोबत्यांनी ते सन्मानाने परत आणले. दोघांचेही प्रेम खरे होते, आणि दोघांच्याही कृतीत पित्याचा अर्धा अर्धा भाग सुरक्षित राहिला असे आम्हांस वाटते.

त्या पदकाचा आकार क्रूसाचा आहे व त्यावर ‘शौर्याबद्दल’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. ज्या क्रूसावर आपली श्रद्धा आहे, तो मात्र मारणाऱ्याने मिळविलेला नसून मरणाऱ्याने वाहिलेला आहे. त्याच्या पायाशी ‘हिल ६०’ वरील शूर अधिकारी, गज्जाच्या अंधारात शीळ घालणारा भाऊ, नॉर्थमच्या सभेत एकटा पडलेला वक्ता आणि ग्रीनमाउंटचा खचलेला गृहस्थ, हे चौघेही एकच मनुष्य म्हणून उभे राहू शकतात. आपल्या मंडळीतही अशा मनुष्यास संपूर्णपणे उभे राहता यावे, त्याच्या पराक्रमाबरोबर त्याच्या दुःखालाही जागा मिळावी, एवढी काळजी आपण घेतली तरी पुष्कळ झाले.